एसएमपीएस घरघरतोय: बदलायच्या आधी काय काय ऐकायचं?

कृष्णाकाठ
रामराम मंडळी. लग्नाचे अल्बम आणि व्हिडिओ एडिटिंग हा माझा धंदा. त्यासाठी असेंबल केलेला डेस्कटॉप आहे: सहा कोअरचा प्रोसेसर, मधल्या फळीतलं ग्राफिक्स कार्ड, एक एसएसडी, दोन जुन्या हार्ड डिस्क आणि ५५० वॅटचा ब्रॉन्झवाला (कमी वीज वाया घालवण्याचा एक दर्जा, गोल्ड त्याच्या वरचा) एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा. तो कॅबिनेटच्या तळाशी बसवलाय, फॅनचं तोंड जमिनीकडे.

हल्ली मागच्या बाजूने आवाज येतो. कधी घर्रर्र, कधी घूंऽऽ. दुकानदाराला फोनवरच ऐकवला. "एसएमपीएस गेला, नवीन टाका," असा निकाल लगेच मिळाला. पण मशीन बंद पडत नाही, रात्रभर रेंडर लावलं तरी रीस्टार्ट होत नाही. वॉरंटी संपलीय, म्हणजे चार-पाच हजार खिशातूनच जाणार. त्याआधी खात्री करायची आहे. घरी साधा मल्टिमीटर आहे, टेस्टर आहे, आणि तुळशीच्या लग्नापर्यंत वेळही आहे.

उगाचच
सतरंजी टाकून बसलो आहे. आमच्या घरातल्या रात्रीच्या घरघरीचं निदान केव्हाच झालंय, पण सासऱ्यांनी वॉरंटी नाकारली असं ही म्हणते. (हलके घ्या.)

पॅसिफिक_टपरी
एवढा काथ्याकूट कशाला? जाताना बाकीच्यांना सोबत घेऊन जाऊ शकतो असा भाग म्हणजे एसएमपीएस. चांगला ७५० वॅटचा गोल्ड घ्या. लोड निम्म्याखाली राहील, फॅन जेमतेम फिरेल, विषय संपला. कॅलिफोर्नियातून आलो तेव्हा एक आणून दिला असता.

खटपट्या
टपरीकर, बदलूनही आवाज गेला नाही तर पुढचा नंबर कशाचा लावायचा? ग्राफिक्स कार्डाचा?

कृष्णाकाठ, तुम्ही दोन आवाज लिहिलेत आणि दुकानदाराने फोनवर त्यातला एकच ऐकलाय. आधी ते वेगळे करा. सकाळी थंड मशीन चालू केल्यावर कोणता येतो? थोड्या वेळाने जातो का? रेंडर लावल्यावर वाढतो का? पान स्क्रोल करताना बदलतो का? दिवसातल्या कोणत्या वेळी येतो? दोन-चार दिवस कागदावर टिपून ठेवा.

मग जागा शोधा. बाजूचं झाकण काढा, वर्तमानपत्राची सुरळी करा, एक टोक कानाला आणि दुसरं एकेका भागाजवळ. आवाज कोपऱ्याकोपऱ्यावर आपटून येत असल्यामुळे नुसत्या कानाला तो नेहमी "मागून" आल्यासारखाच वाटतो, सुरळीने जागा कळते. पात्यांपासून सुरळी लांब ठेवा. एसएमपीएसच्या जाळीतून पेन, स्क्रू ड्रायव्हर, काहीही आत घालायचं नाही, "जरा फॅन थांबवून बघतो" म्हणूनसुद्धा नाही. कॅबिनेटचे फॅन आणि त्या दोन हार्ड डिस्क मात्र बाद करता येतात: मशीन बंद, मागचा स्विच बंद, एकाची वायर काढा, परत चालू करून ऐका. प्रोसेसरच्या फॅनला हात लावू नका.

ते झाल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका.

रात्रपाळी
सुरळीला +१. नाशिकच्या आमच्या गेमिंग कंपूत एकाने दुकानदाराचं ऐकून एसएमपीएस बदलला, आवाज जागच्या जागी. बारीक "सीऽऽ", आणि गंमत म्हणजे गेमच्या मेन्यूत सगळ्यात मोठा. मेन्यूत दाखवायला काही नसतं, मग कार्ड सेकंदाला हजार-हजार फ्रेम काढत सुटतं. फ्रेमची मर्यादा ६० ला बांधली, आवाज बंद. कार्डावरची कॉइल, म्हणजे तारेचं वेटोळं, गात होती. तुमच्याकडे प्रीव्ह्यू फिरवताना असं काही होत असेल तर सुरळी आधी कार्डाकडे न्या.

अकोल्याचं_ऊन
कॉइलचा विषय निघालाच आहे तर थोडी मास्तरकी करते. कॉइलमधून बदलता प्रवाह गेला की तिच्या वेढ्यांवर आणि गाभ्यावर बदलता जोर येतो, आणि ती हलते. एसएमपीएसच्या आतलं स्विचिंग साधारण ६० ते १५० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं, माणसाचा कान २० किलोहर्ट्झपर्यंतच. म्हणजे खरं तर काही ऐकूच यायला नको. ऐकू येतं ते दोन कारणांनी. लोड फारच कमी असला की काही सर्किट्स सलग न चालता तुकड्यातुकड्याने चालतात, आणि त्या तुकड्यांचा ठेका कानाच्या टप्प्यात येतो. किंवा लोडच वरखाली होत असतो, वर रात्रपाळी यांनी सांगितलं तसा.

घरात मुलांना ऐकू येतो आणि मोठ्यांना येत नाही असंही होतं, वयाबरोबर वरचे सूर आधी जातात. पूर्वीच्या डबा टीव्हीतून १५,६२५ हर्ट्झची शिट्टी यायची. शेजारच्या खोलीत टीव्ही लागलाय हे आवाज बंद असूनही पोरांना कळायचं आणि आजोबांना पत्ता नसायचा.

बाकी उन्हाळ्यात फॅन ओरडतो यात दोष काही नाही. आमच्याकडे मे महिन्यात खोलीतच चाळिशी गाठते. एसएमपीएसचा फॅन तापमान बघून पळतो, तो पळणारच.

माडाखाली
आमच्या कोकणात पहिली शंका पालीवर. पावसाळ्यात तिला उबदार जागा लागते, आणि मागची मोकळी पीसीआय स्लॉटची पट्टी कोणी परत लावत नाही. माझ्या डोळ्यांदेखत एका एसएमपीएसमधून पाल, मुंग्यांचं वारूळ आणि मूठभर भुसा निघालाय. फॅनच्या पात्याला वायर किंवा पालीची शेपटी लागली तर टर्रर्र असा सलग, एकसुरी आवाज येतो.

आणि एक: "चट्... चट्" असा आवाज, सोबत करपल्याचा किंवा मासळीसारखा वास, यातलं काहीही असेल तर सुरळीबिरळी बाजूला ठेवा, आधी भिंतीवरचा स्विच बंद करा. तिथे निदान नंतर.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे आभार. टिपणं काढली. माहिती अशी:

घर्रर्र सकाळीच. मशीन रात्रभर बंद राहिलं की चालू केल्यावर खरखरत येतो, पंधरा-वीस मिनिटांत विरून जातो. दुपारी परत चालू केलं तर येत नाही. सुरळीने ऐकलं, नक्की एसएमपीएसमधूनच. दोन्ही हार्ड डिस्क आणि कॅबिनेटचे फॅन काढून बघितले, फरक शून्य. वास नाही, चट्‌चट् नाही, पाल दिसली नाही.

घूंऽऽ वेगळाच आहे. तो सकाळी कधीच नाही. संध्याकाळी येतो, तासभर राहतो, जातो. तोही एसएमपीएसमधूनच. रेंडर लावलं की वाढतो. पण सकाळी तेच रेंडर लावलं तर नाही! हे काय गौडबंगाल?

खटपट्या
घर्रर्र सुटला. फॅनचा बुश.

स्वस्त फॅनमध्ये बॉल बेअरिंग नसतं, पितळी बुशात दांडा फिरतो आणि मध्ये तेलाचा पातळ थर असतो. तेल सुकत आलं की थंड असताना ते घट्ट असतं, दांडा बुशाला घासतो. गरम झाल्यावर पातळ होऊन पसरतं आणि आवाज जातो. म्हणून सकाळी खरखर आणि दुपारी शांतता. कॅपॅसिटर (वीज साठवणारा भाग) किंवा कॉइल असं वागत नाहीत. त्यातून तुमचा फॅन आडवा, जमिनीकडे तोंड करून बसलेला. त्या अवस्थेत दांडा खाली सरकतो, तेल बाहेर झिरपतं. बुशवाल्या फॅनला ही बैठक मानवत नाही.

पक्कं करायचं असेल तर एक सोपी चाचणी. रात्री मशीन बंद केल्यावर कॅबिनेट कुशीवर आडवं करून ठेवा आणि सकाळी तसंच चालू करा. फॅनचा आस बदलतो, दांड्याचं वजन बुशावर दुसरीकडे पडतं. आवाज बदलला किंवा गेला, तर बुशच. हलवाहलवी मशीन बंद असतानाच, तुमच्याकडे फिरत्या हार्ड डिस्क आहेत.

एसएमपीएसची तब्येतही याच फेरीत बघून घ्या. रेंडर चालू ठेवून मोकळ्या मोलेक्स पिनवर (एसएमपीएसमधून निघणारा चार पिनांचा कनेक्टर) मीटर लावा: पिवळी-काळी ११.४ ते १२.६ व्होल्टमध्ये हवी, लाल-काळी ४.७५ ते ५.२५ मध्ये. मीटरला रिपल, म्हणजे डीसीवर उरलेली बारीक थरथर, दिसत नाही हे लक्षात ठेवा. बारा व्होल्टवर १२० मिलिव्होल्टपर्यंत रिपल चालते, ती बघायला ऑसिलोस्कोप लागतो. पण सरासरी व्होल्टेज लोडखाली खचत नसेल आणि मशीन रात्रभर रेंडर ओढत असेल, तर त्याला "गेला" म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

घूंचं अजून सांगत नाही. संध्याकाळीच का, हे कळू दे.

गोडाधोडाचं
बुश असेल तर खोलून दोन थेंब तेल सोडा की. आमच्याकडे टेबल फॅनला खोबरेल घालतात, चालतं मस्त.

खटपट्या
खोबरेल अजिबात नको. २४ अंशांच्या आसपास ते गोठतं. डिसेंबरच्या सकाळी बाटली शेगडीजवळ ठेवता, मग फॅनच्या बुशात कोण शेगडी लावणार? शिवाय वनस्पती तेल काही महिन्यांत चिकट राळ होऊन बसतं. गंज सोडवायचा स्प्रेही नको, तो आधी असलेलं तेल धुऊन काढतो, आठवडाभर गप्प राहतो आणि मग दुप्पट ओरडतो. घालायचंच तर शिलाई मशीनचं तेल, एक थेंब, स्टिकरखालच्या बुशात. तेही तात्पुरतं. बुश एकदा ओव्हल झाला की तेल काही महिन्यांचं पाहुणं. फॅन बदलणं बरं.

आता महत्त्वाचं. एसएमपीएस खोलणं म्हणजे कॅबिनेट खोलणं नव्हे. पीएफसीवाल्या (म्हणजे मेन्समधून प्रवाह नीट आकारात ओढणारं सर्किट असलेल्या) एसएमपीएसमध्ये मोठ्या कॅपॅसिटरवर चालू असताना ३८० ते ४०० व्होल्ट डीसी असतं, आणि प्लग काढल्यावर ते लगेच शून्य होईल याची हमी नाही. साठलेली वीज हळूहळू जिरवणारा ब्लीडर रेझिस्टर असतो, पण तो तुटलेला असू शकतो. ज्यांनी कधी तो कॅपॅसिटर मोजून, रेझिस्टर लावून रिकामा केलेला नाही त्यांनी झाकणाच्या चार स्क्रूंना हात लावू नये. तालुक्याच्या गावी टीव्ही दुरुस्त करणारा असतोच, तो हे काम रोज करतो. फॅन तुम्ही आणून द्या, त्याला शंभर-दोनशे मजुरी द्या.

निवांत_नाना
चांगला धागा. मी टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालो. बॅटरी रूममधले रेक्टिफायर दिवसरात्र ऐकत उमेदवारी गेली, त्यामुळे घूं म्हटलं की कान टवकारतात.

कृष्णाकाठ, एकच विचारतो. घूं येतो तेव्हा डोक्यावरचा छताचा पंखाही घूं करतो का?

कृष्णाकाठ
नाना! होय!! आत्ताच लक्षात आलं. आमच्याकडे संध्याकाळी लाईट जाते, इन्व्हर्टर आपोआप लागतो. मी हेडफोन घालून बसलेला असतो, मशीन यूपीएसशिवाय थेट इन्व्हर्टरच्या लाईनवर, बंदच पडत नाही, त्यामुळे लाईट गेली-आली ते मला कळतही नाही. बायको म्हणाली, "पंखा घुमायला लागला की लाईट गेली हे साऱ्या घराला ठाऊक आहे."

उगाचच
वहिनींना सभासद करून घ्या. दुकानदाराच्या गादीवरही बसवा.

निवांत_नाना
मग खात्री करून घ्या. दिवसा लाईट असताना मशीन चालू ठेवा आणि इन्व्हर्टरचा भिंतीतला प्लग काढा. त्याच क्षणी घूं सुरू झाला आणि प्लग घातल्यावर गेला, तर एसएमपीएस निर्दोष सुटला.

कारण असं. महावितरणची वीज म्हणजे ५० हर्ट्झची गोलाईदार लाट. साध्या घरगुती इन्व्हर्टरची लाट चौकोनी किंवा पायऱ्यापायऱ्यांची. चौकोनी लाटेत ५० हर्ट्झसोबत १५०, २५०, ३५० असे विषम पटीतले सूर ठासून भरलेले असतात. पंख्याच्या मोटरीला ते सोसत नाहीत, ती घुमते. फिल्टरच्या कॉइलचीही तीच गत.

अकोल्याचं_ऊन
वा नाना, दंडवत. यात एक भर. फोनवर आवाजाचा स्पेक्ट्रम दाखवणारं फुकट अॅप घ्या आणि फोन एसएमपीएसजवळ धरा. मेन्समधून आलेल्या गुणगुणीचा सर्वांत उंच खांब १०० हर्ट्झवर दिसेल, ५० वर नाही. चुंबकाचा ओढा लाटेच्या वरच्या आणि खालच्या दोन्ही अर्ध्यांत तसाच लागतो, म्हणून कंपन दुप्पट. पुढे २००, ३०० असे खांब. ७२०० आरपीएमच्या हार्ड डिस्कचा खांब १२० वर उभा राहतो, कारण ७२०० भागिले ६०. फॅनचा हवा कापण्याचा सूर पात्यांवरून काढा: सात पाती, १२०० आरपीएम, म्हणजे सेकंदाला २० फेरे, १४० हर्ट्झ. फॅनचा वेग बदलला की हा खांब सरकतो. १०० वाला हलत नाही. हलत नाही तो मेन्सचा.

पॅसिफिक_टपरी
हे भारी आहे. आमच्याकडे मेन्स ६० हर्ट्झ, म्हणजे गुणगुण १२० वर, आणि हार्ड डिस्कही १२० वर! इथे या अॅपने दोन्हींत फरक कळणार नाही.

अकोल्याचं_ऊन
अगदी बरोबर. तुम्ही डिस्कची वायर काढूनच बघायचं. :)

कृष्णाकाठ
नानांची चाचणी केली. प्लग काढला, घूं हजर. घातला, गायब. अॅपमध्ये १०० वर खांब, २०० आणि ३०० वर लहान लहान. कॅबिनेट कुशीवर टाकून सकाळी चालू केलं तर घर्रर्र नाही. लोडखाली मोलेक्सवर १२.०८ आणि ५.०३.

पण आता दुसरी काळजी. इन्व्हर्टरवर असताना भिंतीच्या सॉकेटमध्ये मीटर लावला तर १८० व्होल्टच दिसतात. लाईटवर २३४. इन्व्हर्टर खराब आहे का?

खटपट्या
इन्व्हर्टर ठीक आहे, मीटर फसवतोय. (आणि सॉकेटमध्ये मोजताना मीटरचा नॉब एसी ७५० वर होता ना, याची आधी खात्री.)

साधा मीटर खरा आरएमएस, म्हणजे लाटेचं प्रत्यक्ष कामाचं व्होल्टेज, मोजत नाही. तो सरासरी मोजतो आणि लाट गोलच आहे असं धरून १.११ ने गुणतो. तुमच्या पायऱ्यांच्या लाटेचं शिखर ३२५ व्होल्ट धरा, आणि ती निम्मा वेळच वर असते, बाकी वेळ शून्य. सरासरी १६२.५, गुणिले १.११, आला १८०. खरा आरएमएस मात्र २३०. म्हणजे १८० हा आकडा बघून मी तर म्हणेन की तुमच्या इन्व्हर्टरने आपली लाट कोणती ते स्वतःच सांगितलं. पूर्ण चौकोनी असती तर हाच मीटर २५५ दाखवून घाबरवता.

आता त्या शून्यातच सगळी मेख आहे. तुमच्या एसएमपीएसमध्ये अॅक्टिव्ह पीएफसी आहे. ते सर्किट समोरच्या व्होल्टेजचा आकार बघून प्रवाह त्याच आकारात ओढायला बघतं. गोल लाटेवर हे सुरळीत चालतं. इथे दर अर्ध्या लाटेत काही मिलिसेकंद काहीच मिळत नाही आणि मग एकदम ३२५ ची उडी. त्या उडीसरशी प्रवाहाचा धक्का फिल्टरच्या आणि पीएफसीच्या कॉइलला बसतो, सेकंदाला शंभर वेळा. तोच तुमचा घूं. रेंडर लावल्यावर जास्त वॅट ओढले जातात, म्हणून धक्काही मोठा.

विनोद म्हणजे दुकानदाराने याच्या जागी पीएफसी नसलेला, हजार-बाराशेचा "५०० वॅट" डबा बसवला असता तर घूं बराचसा गेला असता, कारण घुमायला ती पीएफसीची कॉइलच नाही. नवा फॅन म्हणून सकाळचा घर्रर्रही गेला असता. तुम्ही खूश, दुकानदारही खूश, आणि चांगला एसएमपीएस भंगारात. त्या डब्यांचं लेबल वाचा कधीतरी: बारा व्होल्टची ओळ १४ अँपिअर, म्हणजे १६८ वॅट. आजचं मशीन जवळपास सगळं बारा व्होल्टवरच चालतं. बाकीचे वॅट स्टिकरवर.

रात्रपाळी
मग हा घूं नुसता ऐकून सोडून द्यायचा की मशीनला धोका आहे?

खटपट्या
ब्राउझिंग, मेल, हिशोब, एवढं बिनधास्त. जोरदार लोडवर मात्र फिल्टर आणि पीएफसी जास्त तापतात, आणि काही एसएमपीएस लाईट जाण्याच्या क्षणीच किंवा भर लोडवर संरक्षण लागून बंद होतात. अल्बमची फाईल अर्धी सेव्ह झाली असताना ते नको. माझा सल्ला: रेंडर इन्व्हर्टरवर लावू नका. आणि इन्व्हर्टर जेव्हा केव्हा बदलाल तेव्हा प्युअर साइन वेव्हचा घ्या. बॅटरी तीच चालू शकते, व्होल्टेज जुळलं की झालं. पंखेही गप्प होतील, म्हणजे घरच्यांकडून बजेट मंजूर व्हायला मदत.

इन्व्हर्टरच्या मागचं यूपीएस मोडचं बटण दाबून लाट गोल होत नाही, हे आधीच सांगतो, कारण पुढचा प्रश्न तोच असतो. ते बटण किती व्होल्टेजपर्यंत मेन्स चालवून घ्यायची आणि किती झटपट बॅटरीवर जायचं एवढंच ठरवतं.

पॅसिफिक_टपरी
मध्ये एक छोटा यूपीएस टाकला तर? ६०० व्हीएचा.

खटपट्या
त्या वर्गातले लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएस मेन्स असताना तीच लाट जवळपास जशीच्या तशी पुढे ढकलतात, आणि बॅटरीवर गेले की स्वतःही पायऱ्यांचीच लाट देतात. वर इन्व्हर्टरची लाट बघून अनेकदा "ही वीज नाही" म्हणून बॅटरीवर जातात आणि दहा मिनिटांत पीं पीं करत मरतात. चौकोनी इन्व्हर्टरमागे तो यूपीएस नको. ५५० वॅटच्या एसएमपीएसच्या भर लोडला ६०० व्हीए तसाही पुरत नाही, त्याचे खरे वॅट ३६० च्या आसपास असतात.

निवांत_नाना
कृष्णाकाठ, टेस्टर आहे म्हणालात. मशीन चालू असताना कॅबिनेटच्या उघड्या स्क्रूला लावून बघा. पेटतो का?

कृष्णाकाठ
मंद पेटतो नाना. कधी कधी पाय ओले असले की बोटाला झिणझिण्याही येतात.

निवांत_नाना
म्हणजे तुमच्या सॉकेटला अर्थिंग नाही, किंवा वायर नुसती बोर्डात लोंबतेय. एसएमपीएसच्या तोंडाशी फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून एकेक छोटा कॅपॅसिटर पत्र्याला जोडलेला असतो, गोंगाट जमिनीत सोडायला. जमीनच नसेल तर पत्रा मधल्यामध्ये, साधारण ११५ व्होल्टवर तरंगतो. प्रवाह एक मिलिअँपिअरच्या आतला, म्हणून नुसत्या झिणझिण्या. पण आत कधी खरा शॉर्ट झाला तर त्याला जायला वाट नाही, ती वाट तुम्ही व्हाल. आवाजाशी याचा फारसा संबंध नाही, तरी हे काम फॅनच्या आधी करा. इलेक्ट्रिशियनला सांगा, नवा अर्थिंग पिट करून त्या सॉकेटपर्यंत वायर ओढायची. इन्व्हर्टरच्या लाईनलाही तीच अर्थ लागते. स्पीकरमध्ये हमिंग असेल तर तेही बहुतेक कमी होईल.

माडाखाली
नानांना +१००. आमच्याकडे जांभा दगडात पिट लवकर कोरडा पडतो, उन्हाळ्यात बादलीभर पाणी ओतावं लागतं.

कृष्णाकाठ
आजचा ताजा अहवाल. अर्थिंग केलं, टेस्टर आता पेटत नाही. फॅन बदलून घेतला. आमच्या टीव्हीवाल्याने आधी कॅपॅसिटर मोजला, मग हात घातला, हे बघून बरं वाटलं. जुन्या फॅनचा दांडा बोटाने हलवला तर खुळखुळतो. कॅपॅसिटर फुगलेले नाहीत, धूळ मात्र नमद्यासारखी होती. सकाळची खरखर बंद. इन्व्हर्टरवरचा घूं आहे तसाच आहे, रेंडरचं वेळापत्रक दुपारी हलवलं.

फॅन घेताना अडचण आली ती सांगतो, पुढच्यांना उपयोग होईल. दुकानात "सायलेंट" लिहिलेला फॅन पुढे करत होते. जुन्यावर १२ व्होल्ट, ०.३० अँपिअर होतं, सायलेंटवर ०.१०. टीव्हीवाला म्हणाला हा नको.

खटपट्या
तुमच्या टीव्हीवाल्याला माझा नमस्कार सांगा. सायलेंट फॅन हळू फिरतो, आतली हवा तापलेली राहते, आणि कॅपॅसिटरचं आयुष्य दर दहा अंशांमागे साधारण निम्मं होतं. १२० बाय १२० बाय २५ मिलिमीटर, दोन वायरी, अँपिअर जुन्याच्या आसपास, आणि मिळाला तर बॉल किंवा फ्लुइड बेअरिंगचा. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, दोन्हीकडे सुटे मिळतात. हवेची दिशा जुन्यासारखीच ठेवायची, चौकटीवर बाण असतो. आणि धूळ काढायला ब्लोअर मारताना कोणताही फॅन मोकळा फिरू देऊ नका. त्या वेगाला बेअरिंग खराब होतं.

ट्रान्सहार्बर
धागा वर आणतोय. वाचनखूण साठवली होती, आता माझा प्रश्न. माझं मशीन शटडाऊन केल्यावर एसएमपीएसमधून बारीक सीऽऽ येतो. चालू असताना नाही. रात्री झोपायच्या खोलीत त्रास होतो. फॅन बंद असतो तेव्हा, म्हणजे बुश नाही हे कळलं.

खटपट्या
शटडाऊननंतरही एसएमपीएसमधला एक छोटा भाग जागा असतो, जांभळ्या वायरीवरचं ५ व्होल्ट स्टँडबाय. त्यावर कीबोर्ड, माऊस, नेटवर्कचं जागं होणं चालतं. लोड जवळजवळ नाहीच, म्हणून तो तुकड्यातुकड्याने चालतो आणि ट्रान्सफॉर्मर सी करतो. ऊनताईंनी वर सांगितलंय तेच. सलग बारीक सी असेल तर दोष नाही, एसएमपीएसच्या मागचा स्विच बंद करून झोपा. बायॉसमध्ये शटडाऊननंतर यूएसबीला वीज देण्याचा पर्याय चालू-बंद करून बघा, लोड बदलला की सूर बदलतो, कधी कधी कानाबाहेरही जातो.

पण सी ऐवजी टिक... टिक... असा सेकंदा-दोन सेकंदाला ठोका असेल तर वेगळं. स्टँडबायवर कुठेतरी शॉर्ट आहे आणि तो परत परत उठायचा प्रयत्न करतोय. तेव्हा सगळ्या यूएसबी काढा, मग २४ पिनचं कनेक्टर काढा. तरीही टिकटिक राहिली तर एसएमपीएस, थांबली तर मदरबोर्ड. कोणता आहे तुमचा?

ट्रान्सहार्बर
सलग सी. यूएसबीचा पर्याय बंद केला, थोडा खाली आला, पण बायकोला अजून ऐकू येतो, मला नाही.

अकोल्याचं_ऊन
वहिनींचे कान तरुण आहेत. मागचा स्विच बंद करा.